2 नोव्हेंबर की 30 नोव्हेंबर? मेडिकल पीजी 2019 च्या ॲडमिशनचं प्रकरण

2019 चा मे महिना ज्यांनी मेडिकल पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसच्या, ॲडमिशनमध्ये काढलाय त्यांना आजही तारखा पाठ असतात. 2 मे, 9 मे, 20 मे, 30 मे, 4 जून. यातली एकही परीक्षेची तारीख नाही, सगळ्या कोर्टाच्या नाहीतर सरकारच्या. परीक्षा तर जानेवारीतच होऊन गेली होती, रँक हातात होता, काहींनी तर कॉलेजात कागदपत्रं आणि फी भरून जॉईन पण केलं होतं, आणि मग कळलं की आपण ज्या सीटवर बसलोय ती आपली आहे की नाही हेच अजून ठरायचंय.

तेव्हा टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर जे काही भांडण झालं ते जवळपास सगळं मराठा आरक्षण बरोबर की चूक यावर झालं. ते भांडण मोठं आहेच, त्यात मी इथं पडत नाही. मला हे प्रकरण लक्षात राहिलंय ते वेगळ्या कारणानं. सगळं घोडं पेंड खात होतं ते एकाच प्रश्नावर, की ॲडमिशनची प्रक्रिया नक्की सुरू कधी झाली? आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर सरकारनं स्वतःच आपल्या कायद्यात लिहून ठेवलं होतं, फक्त लिहिताना मेडिकलचं कॅलेंडर कुणी उघडून बघितलं नसावं.

आधी पीजीची सीट म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण इंजिनिअरिंगची ॲडमिशन डोक्यात ठेवून हे प्रकरण वाचलं तर एवढा आरडाओरडा का झाला ते कळत नाही. एमबीबीएसला एका कॉलेजात शंभर, दीडशे, दोनशे पोरं असतात. पीजीला एकेका ब्रँचला एका कॉलेजात दोन, तीन, चार सीट. त्यातही सरकारी कॉलेजच्या निम्म्या सीट ऑल इंडिया कोट्यात जातात, त्या दिल्लीहून भरल्या जातात, उरलेल्या निम्म्या राज्याच्या. खाजगी कॉलेजात साधारण निम्म्या राज्याच्या यादीतून आणि बाकीच्या मॅनेजमेंट नि एनआरआय. म्हणजे समजा एखाद्या सरकारी कॉलेजात रेडिओच्या, म्हणजे रेडिओलॉजीच्या, चार सीट असतील तर राज्यातल्या पोरांच्या वाट्याला दोन, आणि त्या दोनवर सगळ्या महाराष्ट्राचा डोळा. साडेपाच वर्षं एमबीबीएस आणि इंटर्नशिप, त्यानंतर एखाद-दोन वर्षं खोलीत कोंडून अभ्यास, आणि शेवटी सगळं येऊन ठेपतं या दोन सीटवर. तिथं एक सीट इकडची तिकडे झाली तरी कुणाचं तरी आयुष्य रेडिओलॉजीवरून फिजिओलॉजीवर येतं, आणि हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाहीये.

आता राज्याच्या वाट्याच्या 100 सीट धरा. एससी 13, एसटी 7, भटके-विमुक्त सगळे मिळून 11, ओबीसी 19, झाले 50. हे आधीपासून होतंच. 2019 च्या ॲडमिशनला यात दोन नवीन आकडे आले. मराठा समाजासाठी एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) म्हणून 16, आणि खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी, म्हणजे ईडब्ल्यूएस, 10. बेरीज 76. खुल्याला उरल्या 24. मागच्या वर्षी 50 होत्या. एका वर्षात निम्म्याहून खाली, आणि तेही ज्या पोरांनी फॉर्म भरला तेव्हा हे दोन्ही आकडे अस्तित्वातच नव्हते.

ईडब्ल्यूएसवर नंतर येतो. आधी एसईबीसी.

न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य मागासवर्ग आयोगाचा अहवाल आला, 29 नोव्हेंबर 2018 ला विधिमंडळात बिल पास झालं आणि 30 नोव्हेंबरपासून कायदा लागू. शिक्षणात आणि नोकरीत दोन्हीकडे 16 टक्के. या कायद्यात कलम 16 होतं, त्यात असं की ज्या ॲडमिशनची प्रक्रिया हा कायदा लागू व्हायच्या आधीच सुरू झालीय तिला हा कायदा लागू नाही. असं कलम घालणं शहाणपणाचंच आहे, डाव मांडल्यावर नियम बदलायचे नाहीत एवढाच त्याचा अर्थ. पण त्याखाली स्पष्टीकरण होतं, आणि सगळी गोची त्या स्पष्टीकरणात. त्यात लिहिलं होतं की ॲडमिशन जर प्रवेश परीक्षेवरून होणार असेल आणि त्या परीक्षेची कार्यवाही सुरू झाली असेल तर ॲडमिशनची प्रक्रिया सुरू झाली असं धरायचं.

आता मेडिकलचं कॅलेंडर बघा. नीट पीजी 2019, म्हणजे पीजी ॲडमिशनसाठीची देशभरातली प्रवेश परीक्षा, 6 जानेवारीला झाली, निकाल 31 जानेवारीला लागला. पण रजिस्ट्रेशन सुरू झालं 2 नोव्हेंबर 2018 ला. डेंटलच्या एमडीएसचं तर त्याच्याही आधी, 16 ऑक्टोबरला. दोन्ही तारखा 30 नोव्हेंबरच्या आधीच्या. म्हणजे सरकारनं स्वतः लिहिलेल्या व्याख्येप्रमाणे मेडिकल आणि डेंटल पीजीची गाडी कायदा यायच्या आधीच स्टेशनातून सुटली होती. हे कळायला वकील लागत नाही, दोन तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की झालं.

तरी मार्चमध्ये राज्याच्या सीट मॅट्रिक्समध्ये, म्हणजे सीटवाटपाच्या तक्त्यात, 16 टक्के एसईबीसी आलं, ईडब्ल्यूएसचे 10 पण आले, पहिला राउंड झाला, पोरांना सीट मिळाल्या. एसईबीसीतून सीट मिळालेले अडीचशेच्या आसपास होते. खुल्या वर्गातली काही पोरं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेली.

तिथं सरकारचा मुद्दा काय होता ते नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण तो अगदीच फालतू नव्हता. सरकारचं म्हणणं असं की नीट ही केंद्राची परीक्षा, ती घेते राष्ट्रीय परीक्षा मंडळ, त्यातून फक्त पात्रता आणि रँक ठरतो. महाराष्ट्राची ॲडमिशन सुरू होते ती राज्याच्या ॲडमिशन बघणारी सीईटी सेल जेव्हा राज्याची नोटीस काढून कागदपत्रं मागवते तेव्हा, म्हणजे निकालानंतर, म्हणजे कायदा लागू झाल्यानंतर. नीटच्या फॉर्ममध्ये तसंही राज्याच्या कॅटेगऱ्या नसतातच, तिथं एनटी-सी नि व्हीजे या भटक्या-विमुक्तांच्या कॅटेगऱ्या कोण विचारतो, ते सगळं राज्याच्या फॉर्ममध्येच येतं. मग एसईबीसी पण तिथंच आलं तर बिघडलं कुठं?

मला विचाराल तर व्यवहारात हा मुद्दा बरोबर आहे. कुठलाही इंटर्न विचारा, ॲडमिशन सुरू झाली म्हणजे काय, तर तो सीईटी सेलच्या नोटिशीचीच तारीख सांगेल. पण कायद्यात ‘ॲडमिशन’ शब्दाचा व्यवहारातला अर्थ काय हा प्रश्नच नव्हता, कारण अर्थ कायद्यानंच लिहून दिला होता आणि त्यात परीक्षा हा शब्द होता. परीक्षा राज्याची की केंद्राची असा फरक त्यात केलेला नव्हता. न्यायमूर्ती सुनील शुक्रे आणि न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांच्या खंडपीठानं 2 मे 2019 ला तेच सांगितलं, प्रक्रिया 16 ऑक्टोबर आणि 2 नोव्हेंबरलाच सुरू झाली, त्यामुळे या वर्षीच्या मेडिकल आणि डेंटल पीजीला एसईबीसी लागू नाही. मराठा आरक्षण वैध की अवैध यावर या निकालात काही नव्हतं, तो खटला मुंबईत वेगळा चालू होता. हे त्या वेळी किती लोकांना कळलं देव जाणे, दोन्ही बाजूच्या पोस्टी बघून तरी कुणालाच कळलं नव्हतं असं वाटायचं.

सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, 9 मे ला तिथंही काही मिळालं नाही.

आता त्या अडीचशे पोरांचं काय झालं असेल विचार करा. त्यांनी काही लबाडी केलेली नाही, सरकारी यादीत नाव आलं, सरकारी पत्र मिळालं, जाऊन जॉईन केलं. आणि खरी मेख पुढे आहे. ऑल इंडिया कोट्याचे राउंड आणि राज्याचे राउंड साधारण एकाच वेळी मागेपुढे चालतात, आणि ऑल इंडियाच्या दुसऱ्या राउंडमध्ये जॉईन केलं की मग ती सीट सोडून राज्याच्या राउंडला येता येत नाही. म्हणजे पोरांना एका क्षणी ठरवावं लागतं, इकडे की तिकडे. ज्याला राज्यात एसईबीसीतून पुण्यामुंबईत चांगली ब्रँच मिळालीय तो ऑल इंडियातली लांबची सीट कशाला घेईल? त्यानं ती सोडली. आणि मग 2 मे ला राज्यातली गेली. धोबी का कुत्ता म्हणतात तशी अवस्था, ना घरका ना घाटका. मुंबईत आझाद मैदानावर जी पोरं पोरी आंदोलनाला बसली होती त्यांच्यात अशांची संख्या बरीच होती, आणि आरक्षणाच्या बाजूचे नसलेल्यांनाही त्यांचं हे म्हणणं पटायला हरकत नव्हती की बाबांनो आम्ही तुमच्या यादीवर विश्वास ठेवून दुसरी सीट सोडली.

दुसऱ्या बाजूचीही गोष्ट काही सोपी नव्हती. खुल्या वर्गातली पोरं 2 मे नंतर वर सरकायची वाट बघत होती, ऑर्थो मिळेल, मेडिसिन मिळेल, कुणी खाजगी कॉलेजची महागडी सीट धरून बसलेले, ती सोडायची की नाही या पेचात. एकाच लिस्टवर दोघांचं गणित, एकाचं वर गेलं की दुसऱ्याचं खाली.

सरकारवर दबाव प्रचंड होता, आणि नुसतं पीजीचं नव्हतं. एमबीबीएसच्या नीटचं रजिस्ट्रेशनही 1 नोव्हेंबर 2018 ला सुरू झालेलं. म्हणजे नागपूरचाच निकाल जसाच्या तसा लावला तर जून-जुलैत एमबीबीएसचं एसईबीसीही गेलं असतं. इंजिनिअरिंगवाले वाचले कारण एमएचटी-सीईटीचे फॉर्म जानेवारीत सुटले होते. कायदा एकच, आरक्षण एकच, पण कुठल्या परीक्षेचा फॉर्म कधी सुटला यावर कुणाला मिळणार आणि कुणाला नाही ते ठरणार होतं.

मग अध्यादेश. त्यात पुन्हा आडकाठी अशी की लोकसभा निवडणूक चालू, महाराष्ट्रातलं मतदान 29 एप्रिलला आटपलं होतं पण निकाल 23 मे ला, तोवर आचारसंहिता, म्हणून निवडणूक आयोगाला विचारावं लागलं. 17 मे ला मंत्रिमंडळानं ठरवलं, 20 मे ला राज्यपाल विद्यासागर राव यांची सही झाली. अध्यादेशात केलं काय तर ते कलम 16 च बदललं, आणि तेही मागच्या तारखेपासून, की नीटवरून होणाऱ्या 2019-20 च्या मेडिकल-डेंटल ॲडमिशनना हा कायदा लागू आहे. इथं बऱ्याच जणांना वाटलं की ही सरळसरळ कोर्टाच्या निकालावर कुरघोडी आहे. तसं ते दिसतंच. पण आपल्याकडे कायदा असा आहे की विधिमंडळाला कोर्टाचा निकाल रद्द करता येत नाही, मात्र निकाल ज्या पायावर उभा आहे तो पाया बदलता येतो. नागपूरचा निकाल उभा होता त्या स्पष्टीकरणावर. ते स्पष्टीकरणच काढलं की निकाल राहतो पण त्याच्या खाली जमीन राहत नाही. अध्यादेशाला आव्हान दिलेल्या याचिका 13 जूनला मुंबई हायकोर्टानं फेटाळल्या.

खुल्या वर्गातल्या ज्या पोरांना यामुळे सरकारी सीट हुकून खाजगीत जावं लागेल त्यांची फी सरकार भरेल अशीही तयारी सरकारनं दाखवली. माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सरकारनं स्वतःची चूक कबूल केल्याचं एवढं एकच चिन्ह. तोंडानं कुणी म्हणालं नाही, पण ज्याचं काही चुकलेलं नसतं तो दुसऱ्याची फी कशाला भरेल.

आता ईडब्ल्यूएस. हा भाग लोक विसरतात, पण माझ्या मते प्रकरणाचा आरसा हाच. 103 वी घटनादुरुस्ती जानेवारी 2019 ची, म्हणजे नीट पीजीचे फॉर्म सुटल्यावर दोन महिन्यांनी. राज्यानं मार्चमध्ये तेही 10 टक्के पीजीला लावले. केंद्रानं आपल्या संस्थांमध्ये हे लावताना सीट वाढवायचं ठरवलं होतं म्हणजे बाकीच्यांच्या सीट कमी होणार नाहीत, महाराष्ट्रात मात्र पीजीच्या आहे त्याच सीटमधून 10 टक्के काढले. 30 मे ला सुप्रीम कोर्टाच्या सुट्टीकालीन खंडपीठानं, सरन्यायाधीश रंजन गोगोई आणि न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस, ते या वर्षीच्या पीजीसाठी थांबवलं. कारणं दोन, मेडिकल कौन्सिलनं जादा सीट दिल्याशिवाय आहे त्या सीट अशा वाटता येणार नाहीत, आणि प्रक्रिया आधीच सुरू झालेली होती.

म्हणजे बघा, एकाच वर्षी, एकाच ॲडमिशनमध्ये, एकाच आक्षेपावर दोन आरक्षणं अडली. एक राज्याच्या कायद्यातल्या वाक्यामुळे अडलं, ते वाक्य राज्याला बदलता येत होतं, त्यांनी बदललं आणि सुटले. दुसरं अडलं ते राज्याच्या हातात नसलेल्या गोष्टींवर, सीट कौन्सिलच्या हातात आणि घटनादुरुस्तीची तारीख तर कुणालाच मागं नेता येत नाही, तिथं अध्यादेश काय कामाचा. मग त्या 100 तल्या खुल्या सीट 24 वरून 34 झाल्या. आधी 50, मग 24, 2 मे नंतर 40, 20 मे नंतर पुन्हा 24, 30 मे नंतर 34. मधल्या काळात रँक एकाचाही बदलला नाही हं, रँक जानेवारीचाच.

आणि कोर्स तर 1 मे लाच सुरू झालेला होता कागदावर. प्रत्यक्षात वॉर्डात काय चालू होतं ते कुणी विचारत नाही. फर्स्ट इयरचे रेसिडेंट येईनात म्हणून सेकंड इयरच्यांनी दुहेरी ड्युट्या ओढल्या, जे आले त्यांना युनिटमध्ये कुणी नीट काम सांगेना कारण हा पुढच्या आठवड्यात असेल का माहीत नाही. मुदती वाढत गेल्या. शेवटी 4 जूनला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शेवटचा एक राउंड समोरासमोर बसवून घ्या आणि 14 जूनपर्यंत संपवा.

27 जूनला मुंबई हायकोर्टाचा मोठा निकाल आला, मराठा आरक्षण वैध, पण 16 नाही, शिक्षणात 12 आणि नोकरीत 13. पीजीवाले तोवर 16 टक्क्यांवर भरले गेले होते.

पुढचं थोडक्यात. 9 सप्टेंबर 2020 ला सुप्रीम कोर्टानं कायद्याला स्थगिती दिली आणि त्यातच स्पष्ट लिहिलं की झालेल्या पीजी मेडिकल ॲडमिशनना हात लावायचा नाही. 5 मे 2021 ला न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या पाच जणांच्या घटनापीठानं कायदा रद्द केला, 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली 50 टक्क्यांची मर्यादा ओलांडण्यासारखी असाधारण परिस्थिती नाही म्हणून, तरीही 9 सप्टेंबर 2020 पर्यंतच्या पीजी ॲडमिशन तशाच राहिल्या. म्हणजे 2019 ला आझाद मैदानात बसलेली पोरं ज्या कायद्याखाली आत आली तो कायदाच नंतर गेला, आणि ती तोवर कोविड वॉर्डात ड्युट्या करत होती.

मला यात राहून राहून एक वाटतं. ॲडमिशनच्या कायद्यात ‘प्रक्रिया सुरू’ याची व्याख्या लिहिणारा माणूस आणि ॲडमिशन प्रत्यक्ष राबवणारा माणूस एका टेबलावर बसलेच नसणार. सीईटी सेलच्या कुठल्याही क्लार्कला नोव्हेंबर 2018 मध्ये विचारलं असतं की बाबा रे, नीटचे फॉर्म कधी सुटले, तर त्यानं मोबाईल न बघता सांगितलं असतं. तिथंच 2019-20 ला मेडिकल वगळा किंवा मेडिकल धरा असं एक स्वच्छ वाक्य टाकता आलं असतं. धरा म्हटलं असतं तर खुल्या वर्गातल्या पोरांनी परीक्षेआधीच गणित बदललं असतं, कुणी दुसऱ्या राज्याकडे बघितलं असतं. वगळा म्हटलं असतं तर मराठा पोरांनी ऑल इंडियाची सीट सोडली नसती. नाराजी दोन्हीकडे झालीच असती, पण जॉईन करून दिलेली सीट काढून घ्यायची वेळ कुणावरच आली नसती. सहा महिने उशिरा, मेच्या उन्हात, जे वाक्य अध्यादेशात लिहिलं तेच वाक्य नोव्हेंबरात फुकट होतं.

एक मात्र सांगायचं राहिलं. नागपूरला 2 मे चा निकाल देणारे न्यायमूर्ती सुनील शुक्रे निवृत्त झाल्यावर डिसेंबर 2023 मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्याच आयोगाच्या अहवालावर फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा समाजाला 10 टक्क्यांचा नवा कायदा आला. 20 फेब्रुवारीला विधिमंडळात पास, 26 फेब्रुवारीपासून लागू. त्या वर्षीच्या नीट पीजीचे फॉर्म सुटले 16 एप्रिलला.